थंड नळीची गोळी

सकाळचे पावणेसात. भोकरवाडीच्या टेकडीवरचा दर्गा आणि त्याच्या मागची बंद पडलेली दगडखाण.

"मग दोष आहे तरी कशात, उस्ताद? तेवढं सांगा. पुढचं मी बघतो."

विचारणारा अभयसिंह जाचक. माणसं मारणाऱ्या बिबट्यांसाठी सरकारने बोलावलेला नेमबाज. आदल्या आठवड्यात त्याने एक मादी मारली आणि गावाने त्याला उघड्या जीपमधून मिरवलं. गुलाल, हार, फटाके. फोटो सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले, आम्हीसुद्धा.

दुसरा बिबट्या अजून उसात होता. आज संध्याकाळी जाचकला पुन्हा त्याच्यासाठी बसायचं होतं. आणि त्याची रायफल नीट मारत नव्हती.

सरकारी पत्रकात एक वाक्य शेवटी होतं. मरण्याआधी या मादीने कालव्याच्या भरावापलीकडे, कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहणाऱ्या द्वारका सानप या ऊसतोड मजूर बाईचा बळी घेतला. चौथा बळी. शवविच्छेदनाचा अहवाल मी मागितला. सोमवारी या, म्हणाले. सोमवारी गेलो. साहेब रजेवर, म्हणाले.

ज्याला प्रश्न विचारला तो दाऊद मुजावर. फौजेत त्याने पोरांच्या कितीतरी पिढ्यांना बंदूक धरायला शिकवली. निवृत्त झाला आणि दर्ग्यात दिवा लावायला बसला. त्यानंतर त्याने बंदुकीला हात लावलेला कुणी पाहिला नाही. फौज त्याला उस्ताद म्हणायची. गावही तेच म्हणतं.

उस्ताद खाणीच्या काठावर राखुंडीने दात घासत होता.

"काय काय केलंस?"

"सगळं केलं. दुर्बीण दोनदा बदलली. वेगवेगळी काडतुसं आणून बघितली. पुण्याच्या कारागिराकडून दस्ता आतून तासून घेतला. नळीला लाकूड कुठंही टेकत नाही, मधून दहाची नोट सरकते. स्क्रू आवळले. चाप हलका केला. तरी एक गोळी इकडं, एक तिकडं."

"म्हणजे डोळा तेवढा बदलायचा राहिला."

"थट्टा नको, उस्ताद. चार माणसं गेलीत. पाचवं जाऊ देणार नाही मी. ही सरळ केल्याशिवाय टेकडी उतरणार नाही."

"नको उतरू. कोण ढकलतंय तुला?"

जाचकने वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, आडवा झाला आणि खाणीच्या भिंतीशी लावलेल्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या. कबुतरं उडाली, परत बसली.

तो कागद घेऊन आला. पाच भोकं, पाच दिशांना. खिशातून लाल पेन्सिल काढली आणि एका भोकावर काट मारली.

उस्तादने चूळ भरली.

"ही का खोडलीस?"

"ती पहिली. थंड नळीची. पहिली आम्ही मोजतच नाही. नळी तापली की मग खरा नेम कळतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच. क्लबमध्ये सगळे असंच करतात. स्पर्धेतसुद्धा आधी सरावाच्या गोळ्या देतात."

"बिबट्या देतो?"

...

जाचकच्या कानशिलावरची शीर उडाली. या माणसाकडे भिंतभर पदकं आहेत. असा प्रश्न त्याला कुणी विचारत नसावं.

"जुने कागद हायत का?" उस्तादने विचारलं.

होते. जीपमध्ये अख्खा गठ्ठा होता. हट्टी माणूस, महिनाभर रोज मारत होता आणि एकही कागद त्याने फेकला नव्हता. प्रत्येकावर एक लाल काट.

उस्तादने हात लुंगीला पुसले. कागद मांडीवर घेतले. कोपऱ्याला कोपरा लावला, कडा थापटून सारख्या केल्या. गठ्ठा दोन्ही हातांत धरून उगवत्या सूर्याकडे वर उचलला.

गठ्ठा एवढा जाड होता की पलीकडचं काही दिसत नव्हतं. एका कागदातलं भोक दुसऱ्या कागदाने झाकलं होतं.

फक्त एका जागी झाकलं नव्हतं.

त्या एकाच भोकातून ऊन आरपार आलं आणि जाचकच्या शर्टाच्या खिशावर पडलं. चिंचोक्याएवढा ठिपका.

जाचक त्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग कागदांकडे. मग पुढे होऊन त्याने वरच्या कागदावर बोट ठेवलं. बोट लाल काटेवर होतं.

"पहिल्या..." तो म्हणाला. "सगळ्या पहिल्या एकाच जागी."

"तुझी रायफल वाकडी न्हाई. तिला जे सांगायचंय ते ती पहिल्यांदाच सांगते, आणि रोज तेच सांगते. तू ऐकतोस आणि काट मारतोस." उस्तादने गठ्ठा खाली घेतला. "तापल्यावर काय, कुणीही काहीही बोलतं."

जाचक हसला. त्या सकाळी पहिल्यांदाच. त्याने मधल्या काळ्या टिकलीपासून भोकापर्यंत पंजा ताणून मापलं.

"वीतभर वर. डावी-उजवीकडं काही नाही. नुसती वर! म्हणजे दुर्बीण वीतभर खाली आणली की पहिलीच गोळी... उस्ताद, महिना घालवला हो मी! महिना!"

"घालवलास खरा."

त्याने लगेच दुर्बिणीवरची टोपी काढली, आतलं चाक खटखट फिरवलं, काडतूस भरलं.

"एक मारून खात्री करतो."

"कसली खात्री? नळी तापलीय."

"अं... हो. किती वेळ थांबू?"

"टेकडी उतरायची न्हाई म्हणालास की. मग बस."

तो बसला. उस्तादने किटलीतला काळा चहा दोन पेल्यांत ओतला. जाचकने रायफल सावलीत ठेवली आणि दर थोड्या वेळाने नळीला हात लावून बघू लागला. तापाच्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.



"मादीच्या संध्याकाळी किती झाडल्यास?" उस्तादने विचारलं.

"दोन."

"तिला किती लागल्या?"

"एक. खांद्यातून आत. जागेवर पडली."

"कुठली लागली?"

"दुसरी. पहिल्या बाराला ती दचकून आडवी वळली. लगेच दुसरी मारली." हे सांगताना त्याची मान ताठ झाली. "दोन बारांत किती वेळ गेला असेल? तुम्ही एक घोट घ्याल, तेवढा."

"बसला होतास कुठं?"

"खाली, चरात. शेळी वर भरावावर बांधलेली. मादी भरावाच्या माथ्यावर आली. मागं मोकळं आभाळ, स्वच्छ दिसत होती."

"आणि पहिली?"

"पहिली चुकली."

"चुकली ते कळलं. गेली कुठं?"

"ती थंड नळीची होती, उस्ताद, ती..."

...

त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

उस्ताद उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. कागदांचा गठ्ठा त्याने उचलला, कडा पुन्हा सारख्या केल्या आणि जाचकच्या हातात दिला. मग त्याचा खांदा धरून त्याला फिरवला. सूर्य पाठीमागे गेला. समोर टेकडीचा उतार, खाली ऊस, उसाच्या कडेने कालवा.

"बघ यातनं."

"उस्ताद, हे मला..."

"बघ की रे. महिनाभर पाडलंस ते भोक. बघ."

जाचकने गठ्ठा डोळ्याला लावला. एक डोळा मिटला. सवयीने श्वास धरला.

"काय दिसतं?"

"भराव."

"जरा वर घे. वीतभर."

त्याने हात वर घेतले. फार नाही.  

"आता?"

...

"कोप्या," तो म्हणाला. "चुलीचा धूर."

त्याने गठ्ठा खाली केला नाही. उस्तादने रायफलच्या नळीवर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"झाली थंड," उस्ताद म्हणाला. "द्वारकेचा नवरा काल येऊन गेला. अंकुश. ऊद लावला, तिथंच बसून राहिला. म्हणत होता, दोन बार झाले. पहिल्या बाराला ती चुलीपाशी पडली."