मांडवाचे खड्डे

१९८४ च्या मार्गशीर्षात संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब घोलप यांनी मुलीच्या लग्नाचा मांडव आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानावर घातला. लग्नाला मंत्री आले. खांबांचे खड्डे बुजवायला मात्र कोणी आलं नाही. प्रशिक्षक पोळ सर पोरांना त्याच मैदानावर खेळवत राहिले.

माघात परगावच्या मैदानावर आम्ही अंतिम सामना हरलो. बापूसाहेब सरांचा राजीनामा स्वतःच लिहून घेऊन संस्थेच्या बैठकीला आले.

"एकोणीस वर्षं पगार खाल्लात. समोर मोकळं मैदान, तरी पोरं वाकडीतिकडी पळतात. कुणी शिकवलं हे?"

"तुम्ही, बापूसाहेब. दोन महिने पोरांनी तुमच्या मांडवाचे खड्डे चुकवले. तिथल्या सपाट मैदानावरही पोरं तेच चुकवत राहिली."

राजीनामा बापूसाहेबांच्याच खिशात परत गेला. दुसऱ्या दिवशी गवंडी आले. मैदानाचं देणं फिटलं.