सारवलेली भिंत

त्या राज्याला एकच दार होते, आणि ते सात दिवस बंद होते.

दाराशी साळू साळिंदर बसला होता. त्याच्या आधी तिथल्या दगडावर घोरपडआजी बसायची. ती गेली. गेलेल्याची जागा सारवून घ्यावी, या रिवाजाप्रमाणे साळूने दाराची भिंत मन लावून सारवली. भिंतीत खळगे फार होते. ते त्याने सगळे बुजवले. दगडावर मात्र तो बसला नाही; ती जागा आजीची. शेजारी जमिनीवरच बसू लागला.

दुसऱ्याच दिवशी कोल्हा कासवाच्या आवाजात बोलून आत शिरला आणि सशिणीचे एक पिल्लू घेऊन गेला. तेव्हापासून साळूने कुणालाच आत घेतले नाही. पण हौदाचे पाणी बाहेरून कासवच आणी. हौद तळाला गेला, पिल्लांच्या जिभा कोरड्या पडल्या.

सशीण दाराशी आली. म्हणाली, "साळोबा, एक कोल्ह्याने नेलं. उरलेली या बंद दारानं न्यायची का?"

बाहेर द्रोण घेऊन ताटकळलेले कासव हळूच म्हणाले, "आजी आवाजावर कधी गेली नाही रे. पाऊल मागायची. भिंतीत बघ."

साळूने आपल्याच एका काट्याने सारवण खरवडले. खळगे उघडे पडले. ते ओल्या मातीत टेकवलेल्या पावलांचे ठसे होते. प्रत्येकापुढे आजीने नखाने खूण कोरली होती : कासवापुढे हौद, सुगरणीपुढे बाभूळ. ज्याची जी खूण, तिथवरच आत जाण्याची मुभा.

कासवाने दाराच्या फटीतून पाऊल आत घालून आपल्या ठशात टेकवले. ते नेमके बसले. दार उघडले आणि कासव आत येताच पुन्हा लागले. त्याच्यामागून, त्याच्याच आवाजात बोलत, आणखी एक 'कासव' आले. त्याचे पाऊल कुठेच बसेना. "काय साळोबा, आजीच्या वेळची ओळख विसरलात?" असे हसत ते झुडपात निघून गेले.

त्या संध्याकाळी हौद भरला. पिल्ले पाणी पीत होती आणि साळू उरलेली भिंत खरवडत होता. अगदी तळाशी, सगळ्यांत जुना, बोराएवढा एक ठसा निघाला. त्याच्याभोवती कोवळ्या काट्यांची बारीक टोचणी उमटली होती. साळूने त्यावर पाऊल ठेवून पाहिले. आता ते मावत नव्हते.

त्या ठशापुढे आजीने दाराशेजारचा दगड कोरला होता.

साळूने दगडाला लावलेला हात कपाळाला टेकवला आणि मग तो दगडावर बसला.