दोराची ढील

"मग रविवारी नेऊ ना त्यांना?"

निषाद बेहेरेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पुढच्या रविवारी दोन नवख्या मुलींना घेऊन त्याला सुळक्यावर चढायचं होतं. आणि हैबतीबाबा हो म्हटल्याशिवाय त्यांचं गिर्यारोहण मंडळ कुणाच्याही हाती नवखी माणसं देत नसे.

हैबतीबाबा मेंगाळ कड्याच्या पायथ्याशी उन्हात बसले होते. वय सदुसष्ट. याच कड्यावर चाळीस वर्षं त्यांनी पोरांना चढायला शिकवलं होतं.

ते तळव्यांची माती झाडत राहिले.

पौषातलं ऊन होतं. कातळ हाताला गार लागत होता, पाठ मात्र तापत होती. निषादला बसवत नव्हतं. सकाळपासून त्यानं चार वाटा चढून दाखवल्या होत्या. चौथी तर कुठंही न थांबता.

"कुठं चुकलो का, बाबा?"

"नाही."

"मग?"

"चढतोस छान."

"मग हो म्हणा की!"

बाबा उठले. कड्याच्या माथ्यावर ठोकलेल्या कडीतून दोर खाली सोडलेला होता. त्याचं एक टोक त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरी बाजू, वर सरकू तशी ढील ओढून घ्यायला, निषादच्या हाती दिली.

"जाऊन येतो. धर मला."

वाट सगळ्यात सोपी होती. नवी मुलं पहिल्या दिवशी चढतात, ती. बाबा अनवाणीच निघाले. एक पाय ठेवायचे, थांबायचे. कातळावरून हात फिरवायचे, पुन्हा थांबायचे...

"बाबा, उजवीकडे खोबण आहे."

"दिसली."

पण हात तिकडे गेला नाही.

निषादनं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. घड्याळ पाहिलं. पलीकडच्या अवघड वाटेवर मंडळातला एक जण केव्हाचा अडकला होता. त्याचा डावा पाय साफ चुकीच्या जागी होता.

"अरे, डावा वर घे! डावा!"

बाबा एक पाऊल वर सरकले. मग आणखी एक. निषादच्या हातातला दोर तसाच सैल राहिला.

"डावा म्हणतोय मी! तो नव्हे..."

खडे घरंगळल्याचा आवाज आला.

निषादनं वळून पाहिलं, तेव्हा बाबा कातळाला घासत खाली येत होते. त्यानं दोन्ही हातांनी दोर आवळला. हिसका बसून तो स्वतःच दोन पावलं पुढं खेचला गेला, गुडघ्यावर आपटला. दोर ताणला. बाबा पुरुषभर खाली येऊन अधांतरी लटकले.

पलीकडच्या वाटेवरचेही इकडे पाहू लागले.

निषादनं त्यांना वीत वीत करत खाली उतरवलं. या वेळी त्यानं दुसरीकडे कुठंही पाहिलं नाही.

बाबांचं कोपर सोलवटलं होतं. बाटलीतलं पाणी ओतून त्यांनी ते धुतलं. निषाद समोर उभाच. मुठी दोरावर तशाच मिटलेल्या.

बाबांनी त्याच्या मुठी हातात घेतल्या. एकेक बोट उलगडलं.

"सोड आता. आलो मी खाली."

दोर गळून पडला. निषाद दोन पावलं गेला, परत आला. खाली बसला, लगेच उठला.

"बाबा... पाय तुम्ही मुद्दाम सोडलात ना?"

बाबा कोपरावर फुंकर घालत होते.

"मला शिकवायला... तुम्ही त्या वाटेवर कसे घसराल? मुद्दामच सोडलात ना? सांगा ना, बाबा."

बाबांनी मान वर केली.

"नाही रे. मला वाटलं, तू धरलंयस."