सोन्याची बंडी आणि सैल टाका

एका राज्यात तुंगसेन नावाचा राजा राज्य करीत होता. शूर होता, दानी होता, पण दुसऱ्याची चीज दिसली की घालून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. हसू नका, तुमच्यातही आहेत असे.

एकदा शिकारीच्या वाटेवर झिपरनाथ जादूगाराच्या गुहेबाहेर सोन्याच्या सुताची विणलेली बंडी वाळत पडली होती. राजानं अंगरखा उतरवला, बंडी चढवली. बसली अशी, जणू मापं देऊन विणलेली. काढू गेला तर निघेना.

गुहेतून आधी जटा बाहेर आली, मागून झिपरनाथ आला.

"विचारलंस का रे?"

"नाही."

"मग राहू दे अंगावर. रोज सूर्य उगवला की ती आवळत जाईल. सुटायचं असेल तर तिच्यात श्वासाला खिडकी पाड. पण विणीचं एक घर जरी सुटून पळालं, तरी शाप तसाच. नीघ!"

राजा घरी आला. बंडी आवळत गेली, राजा जांभळा होत गेला. मग राजशिंपी गुणाप्पा पुढं झाला. त्या राज्यात ताठ शिवणीचा मोठा मान. टाका असा ओढायचा की त्यात नख शिरू नये. नव्या सुनेची शिवण सासू नख लावूनच तपासायची. अशा राज्यातला गुणाप्पा हा पहिला शिंपी.

"आधी कापायचं, मग शिवायचं," म्हणाला, आणि कात्री चालवली.

विणीचं एक घर सुटलं, त्याखालचं सुटलं, सरसर शिडी खाली धावली, आणि त्या वाटेनं राजाचा आवाज निघून गेला. बंडी मात्र आपली आपण पुन्हा विणली गेली, पहिल्यापेक्षा घट्ट. गुणाप्पा पलंगाखाली शिरला.

आता उद्या उजाडलं की राजाचा श्वास संपणार, हे राणी कुवलयेला दिसत होतं. तिला शिवणकामाची हौस होती आणि साऱ्या राज्यात तिच्याइतका ताठ टाका कुणाचा नव्हता. तेवढ्यात खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"राणीसाहेब, विणलेलं कापड ताणतं. त्याला ताणेल अशी जाळी हवी, ताणेल असा टाका हवा, आणि न ओढणारा हात हवा."

"जाळी कुठं मिळेल?"

"वडावरच्या कोळिणीकडे."

"टाका?"

"वारुळातल्या नागाकडे."

"आणि हात?"

"तो तुमच्याजवळच असायला हवा. मला काही दिसत नाही बाई."

राणी वडाकडे गेली. कोळीण म्हणाली, "जाळीची पट्टी देईन. पण राजवाड्यातल्या माझ्या भाचरांच्या कोपऱ्यांना केरसुणी लागता कामा नये." राणीनं वचन दिलं, पट्टी घेतली. मग वारुळापाशी आली, म्हणाली, "नागोबा, चालून दाखवा." नाग वाळूवरून डावीउजवीकडे वळत गेला.

"सरळ का जात नाही?"

"सरळ ताठ राहिलो तर वळताना मोडेन."

राणीनं तो माग डोळ्यांत साठवला आणि परत फिरली.

राजाला चौरंगावर बसवलं. गळ्यापासून बेंबीपर्यंत, बंडी न कापता, तिच्यावर जाळीची पट्टी ठेवली, आणि एका कडेनं नागमोडी टाका घालायला घेतला. पण हात जन्माचा ओढणारा! चार टाके पडले न पडले तोच बंडी पापडासारखी उचलली गेली. राजानं तोंड उघडलं, पण आवाज कुठला यायला?

राणीनं टाके उसवले, फिरून घातले. पुन्हा पापड.

"राजाला शिवताय की धान्याच्या पोत्याला?" साळुंकीनं विचारलं.

"गप बस, सटवे!"

राणीची नजर राजाच्या छातीवर गेली. थोडीशी वर येत होती, थोडीशी खाली जात होती. छाती वर आली की तिनं सुई घातली, खाली गेली की काढली. दोरा ओढला नाही. कापडानं मागितला तेवढाच दिला. टाका सैल पडला. सासूनं पाहिला असता तर सून माहेरी धाडली असती! पण पट्टी सपाट बसली. मग दुसरी कडही तशीच झाली.

राणीनं कात्री उचलली.

पलंगाखालून गुणाप्पा ओरडला, "शिवून झाल्यावर कापतात होय?"

"हो. तुम्ही तिथंच बरे आहात."

कात्रीचं बोथट पातं तिनं राजाच्या अंगाला चिकटून आत सारलं आणि जाळीमागची सोन्याची वीण कापली. घरं सुटली, दोन्हीकडे धावली, नागमोडी टाक्याला अडली, आणि थांबली. एकही पलीकडे गेलं नाही. जाळी पसरली. राजानं असा श्वास घेतला की महालाचे पडदे आत ओढले गेले. सोन्याची लोकर झाली, बंडी गळून चौरंगावर पडली, आवाज जागेवर आला.

"कुवलये, काय देऊ तुला?"

"आधी श्वास घ्या. बोलणं मागाहून."

राजा श्वास घेत राहिला. राणी शेजारी बसली. राजानं तिचे हात आपल्या हातांत धरले. घट्ट नव्हे, सैलच.

बंडी झिपरनाथाकडे पोचती झाली, सूर्य काही न आवळता नुसता उगवू लागला, आणि त्या राज्यात सासवांनी नखं कापली. तशीच ऐकणाऱ्यांच्या घरच्यांनीही कापावीत.