पिल्लाने दिलेले काटे

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक साळू राहत असे. तिच्या अंगभर लांब टोकदार काटे होते, आणि राग कायम नाकावर. तिला एकच पिल्लू होतं. चरायला जाताना ती बिळाच्या तोंडाशी मोठा धोंडा लोटून ठेवी आणि भेटेल त्याला सांगे, "माझ्या पिल्लाला वाघाचाही धक्का लागायचा नाही!" घरात मात्र पिल्लू 'हे काय, ते का' विचारून तिचं डोकं खाई. बिळाच्या मागच्या भिंतीत उंदरांनी पाडलेलं एक भोक होतं, त्यातून बाहेरचे आवाज येत. साळूने पिल्लाला तिथे नेऊन बसवलं. "बस ऐकत. मला जरा पडू दे." पिल्लू गप्प झालं आणि साळूला छान झोप लागली. मुलांनो, अशी युक्ती तुमच्या घरी कोणाला सुचली असेल, तर ही गोष्ट त्यांनाही वाचून दाखवा.

एके दिवशी त्या भोकातून गोड आवाज आला, "मीपण साळूचंच पिल्लू आहे. माझ्याशी मैत्री करशील?" तो होता कोल्हा. पिल्लाला काय ठाऊक! रोज गप्पा होऊ लागल्या. चौथ्या दिवशी आवाज म्हणाला, "मैत्रीची खूण म्हणून तुझा एक काटा दे ना. आईला सांगू नकोस हं, मोठ्यांना यातलं काही कळत नाही." काटा उपटताना दुखलं, पण मित्राचं मन कसं मोडायचं? दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक मागितला, मग आणखी एक. पिल्लाने एकदा भीत भीत विचारलं, "आई, मित्राने आपल्याकडे काही मागितलं तर…" साळू झोपेतच खेकसली, "झाली कटकट सुरू! काही वेडेपणा केलास तर फोडून काढीन." पिल्लाने पुढचं गिळून टाकलं.

पाठ ओकीबोकी झाली, तेव्हा तो गोड आवाज बदलला. "उद्या आई बाहेर गेली की धोंड्याच्या फटीतून ये. नाही आलास, तर हे सगळे काटे तुझ्या आईपुढे टाकीन." पिल्लाला रात्रभर झोप आली नाही. सकाळी ते भिंतीला पाठ लावून बसलं, हलेचना. साळूने ओढून बघितलं आणि ती ओरडली, "कोणी केलं हे?" तिचे सगळे काटे ताठ उभे राहिले. पिल्लू कोपऱ्यात सरकलं. "मीच दिले, मित्राला. मारू नकोस ना आई. मी जातो त्याच्याकडे." साळूने पाहिलं, तिच्या उभ्या काट्यांसमोर तिचं स्वतःचं लेकरू थरथरत होतं. तेवढ्यात भोकातून आवाज आला, "येतोस ना? का सांगू आईला?" कोल्ह्याचा आवाज तिने लगेच ओळखला. तिने भोकाला तोंड लावलं. "सांग. आई ऐकते आहे." कोल्ह्याने धूम ठोकली.

साळूने आधी धोंड्याकडे पाहिलं, मग भोकाकडे. धोंडा तिने पुढच्या दाराला लावला होता, आणि भोकापाशी पिल्लाला बसवलं होतं तेही तिनेच! तिला लाजेने मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, बाळा," ती कशीबशी म्हणाली. ती भोक बुजवायला माती आणू लागली, तर पिल्लू म्हणालं, "बुजवू नकोस. तू माझ्याजवळ बस." मग साळू रोज भोकापाशी त्याच्या शेजारी बसू लागली. ओढ्यावर दुसऱ्या आयांनी विचारलं, "काय साळूबाई, पिल्लू खुशाल ना?" की तिची मान खाली जाई. तरीही ती झालं ते सगळं सांगे, कारण त्या आयांच्या बिळांतही उंदरांनी पाडलेली भोकं होतीच. पिल्लाला नवे काटे यायला बरेच दिवस लागले. तोवर ती उघडी पाठ रोज साळूच्या डोळ्यांसमोर होती.

तात्पर्य : मुलाला जिथे बसवलं तिथे आपणही बसावं, मग ते भिंतीतलं भोक असो की हातातला मोबाईल, आणि आपला राग एवढा मोठा होऊ देऊ नये, की मुलाला त्यापेक्षा कोल्हा बरा वाटेल.