कुंपणाबाहेरच्या शेंगा

“…मग उगवत का नाही, आबा?”

हर्षदानं तिसऱ्यांदा विचारलं.

मायाप्पा आबा शेळीच्या खुरातला काटा काढत होते. काटा खोल रुतला होता. त्यांनी मान वर केली नाही.

माळावर बिरोबाचं देऊळ. देवळामागं पाण्याची टाकी. टाकीच्या सावलीला वीसेक शेळ्या. मेंढरं लेकांमध्ये वाटून दिल्यापासून आबा इथंच असत. लोक त्यांच्याकडं भावकीची भांडणं घेऊन येत, रुसवे घेऊन येत. आबा फारसं बोलत नसत. तरी लोक येत.

हर्षदाला यायला तीन वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी तिनं ग्रामसभेत उभं राहून ओढ्याकाठचं बाभूळबन मागून घेतलं होतं. कुऱ्हाडींनी बन विरळ झालं होतं, आणि त्या जागेवर खडी क्रशरवाल्याचा डोळा होता. “कुणाला आत पाऊल ठेवू देणार नाही. तीन वर्षांत बन आपलं आपण भरेल,” असं ती म्हणाली होती. आपलं रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालंय, हेही बोलण्याच्या ओघात दोनदा म्हणाली होती. ते आठवलं की अजून तिचे कान तापत.

बन भरलं नाही. आधीची खुरटी झाडं तेवढी वर आली. म्हाताऱ्या बाभळींपैकी अकरा वाळल्या. आणि नवं रोप… एकही नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत फैसला होता. नवी रोपं दाखवा, नाहीतर जागा क्रशरला.

आता वैशाख चालला होता.

“माती तीनदा तपासली,” ती म्हणाली. “पाणी दोनदा. शेंगा फोडून बी आठ दिवस भिजत घातलं. हे बघा.”

तिनं पिशवीतून बरणी काढायचा प्रयत्न केला. एका हातानं ते जमेना. दुसऱ्या हातावर इरा होती. इरा तिची लेक, साडेतीन वर्षांची, आणि चढाच्या पायथ्यापासून कडेवरच होती.

आबांनी आता वर पाहिलं. बरणीकडं नाही, इराच्या पायांकडं.

“बूट लई जाड घेतल्यात गं.”

“काटे असतात ना माळावर.”

“ती कुठं चालतीया?”

हर्षदानं इराला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिचा हात केव्हाचा भरून आला होता. पण गेल्या महिन्यात पोरीचं पोट बिघडलं होतं, त्याच्या आधी अंगावर पुरळ उठलं होतं. आईनं काळजी नाही करायची तर कुणी करायची? आणि केली, तर लोक असे बुटांकडं बघतात.

“बनात श्येवटचं कोण गेलं?” आबांनी विचारलं.

“मीच. झाडं मोजायला.”

“दुसरं कोण?”

“कुणी नाही.”

“शेरडू एखादं?”

“शेळी? छे! तारेची जाळीच अशी आहे, ससा शिरत नाही.”

हे सांगताना तिचा आवाज जरा चढलाच.

“ब्येस…” आबा म्हणाले.

त्यांनी चिमट्यानं काटा ओढून काढला. लांब, पांढरट, बाभळीचाच. शेळी उठली, एकदा अंग झटकलं आणि लंगडत निघाली. टाकीकडं नाही. सरळ उताराला, बनाच्या दिशेनं.

हर्षदा त्या शेळीकडं पाहत राहिली. मग म्हणाली, “आबा, तुमच्या मनात माझ्याबद्दल राग असेल. कुंपण घातलं, त्या दिवशी बनाच्या फाटकावरून तुमच्या शेळ्या मीच परतवल्या होत्या.”

आबा चिमटा धोतराला पुसत होते.

“आहे ना राग?”

“शेरडांस्नी इचार.”

तेवढ्यात इरा हातावरून घसरली.

म्हणजे घसरली असं हर्षदा नंतर नवऱ्याला सांगणार होती. खरं तर बरणी काढायला तिनं दुसरा हात पिशवीत घातला, आणि पोरीनं संधी साधली. जाड बुटांनी धपधप करत ती टाकीच्या मागं पोचलीसुद्धा. तिथला नळ गळका होता. नळाखाली ओलाव्याचं मोठं वर्तुळ झालं होतं. शेळ्या तिथंच बसत. इरा त्या ओल्यात उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही मुठी भरून लेंड्या उचलल्या.

“इरा! टाक ते! घाण आहे ती, टाक आधी!”

हर्षदा धावली. तिचा हात पिशवीतल्या हात धुवायच्या बाटलीकडं गेलासुद्धा.

पुढ्यात काठी आडवी आली.

“थांब,” आबा म्हणाले.

“अहो, तोंडात घालेल ती!”

“घातलं की मग वरड. आधी बघ.”

ती थांबली. ग्रामसभेत पन्नास बाप्यांसमोर जी थांबली नव्हती, ती एका काठीपुढं थांबली.

इरानं मूठ उघडली होती. लेंड्यांमध्ये एक चपटं, काळपट बी होतं. ते फुगून तडकलं होतं, आणि त्यातून पांढरा, नखाएवढा मोड आला होता.

हर्षदा खाली वाकली. मग गुडघे टेकून बसली. चिखल साडीला लागला तो लागलाच.

ओलाव्याच्या त्या वर्तुळात, खुरांच्या ठशांमधून, बोटबोट उंचीची रोपं उभी होती. काहींचे शेंडे कुरतडलेले. काही तुडवलेली. काही अगदी सरळ, बारीक पानांची. तिनं मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढं सोडून दिलं.

“ही… बाभळ आहे?”

“आता तूच सांग. तू शिकल्याली.”

“बी कुठलं?”

“तुज्याच बनातलं.”

“माझ्या बनातून काडी बाहेर जात नाही, आबा.”

“फांद्यास्नी तुजी तार कळत न्हाई. शेंगा भाईर पडत्यात. शेरडं जाऊन खात्यात. मग हितं निवांत बसून रवंथ करत्यात, अन् बी थुकत्यात.”

हर्षदानं बरणी उघडली. आठ दिवस भिजलेलं बी तळहातावर घेतलं, नखानं दाबलं. नख दुखलं. बी खड्यासारखं टणक. बनात पायाखाली येणाऱ्या शेंगा तिला आठवल्या. तीन वर्षांच्या शेंगा, भुंग्यांनी भोकं पाडलेल्या, एकावर एक साचलेल्या.

मोड आलेलं बी तिनं इराच्या हातून घेतलं आणि आपल्या बियांशेजारी ठेवलं. एकाचं कवच तडकलेलं, दुसऱ्यांचं तसंच टणक; आठ दिवसांच्या पाण्याला जमलं नव्हतं ते शेळीच्या पोटानं केलं होतं.

“तुम्हाला हे माहीत होतं.”

“व्हय.”

“मग त्या दिवशी फाटकावर बोलला का नाहीत?”

“तू पाटी वाचून दावत हुतीस.”

हर्षदाला हसू आलं, आणि रडूही आलं. तिनं दोन्ही गिळलं. पाटी तिनं स्वतःच्या अक्षरात रंगवली होती. ‘शेळ्या-मेंढ्यांना सक्त मनाई.’ ‘सक्त’ लाल रंगात.

“पण आबा, आत सोडल्या तर उगवलेलं त्याच खातील.”

“खातील.”

“सगळं?”

“समदं न्हाई.”

“किती राहील मग? पंधरा ऑगस्टला दाखवण्याइतकं तरी?”

आबा पोरीकडं बघत होते. इरा मुठीतली एकेक लेंडी काढून पुन्हा चिखलात ठेवत होती. जिथून उचलली होती, अगदी तिथंच.

खाली उताराला, तारेच्या अलीकडं, ती लंगडी शेळी मान खाली घालून काहीतरी खात होती.

हर्षदा उठली. साडीचा ओला काठ तिनं पिळला. मनातल्या मनात दिवस मोजले. शेंगा अजून पंधरा दिवस गळतील. फार तर वीस. तोवर शेळ्या आत. पहिला कोंब दिसला की बाहेर. एखादी चुकून राहिली, एखादं रोप गेलं, तर गेलं. क्रशर आला तर एकही राहणार नाही.

“उद्या फाटक उघडते,” ती म्हणाली. “पाटी मीच काढणार.”

“गाव हसंल.”

“हसू दे.”

“तुजा सासरा हसंल.”

“ते तर आजपासूनच हसतील.” तिनं इराच्या बुटांवरचा चिखल बोटानं पुसला. “पण एक सांगा. कधी आत सोडायच्या, कधी बाहेर काढायच्या, नेमकं मला कसं कळणार? एक दिवस चुकला तरी…”

आबांनी हातातली काठी तिच्यापुढं धरली.

तिनं ती घेतली. घेतल्यावर तिला कळेना, की हिचं आता करायचं काय.

“शेरडं तू न्यायची,” आबा म्हणाले.

“मी? मला नाही येत हाकायला.”

“येशीतनं घिऊन जा. भर गावातनं, समद्यांच्या म्होरं.”

हर्षदानं शेळ्यांकडं पाहिलं. शेळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. दोन्हीकडं खात्री नव्हती.

“नेते,” ती म्हणाली.

तिनं काठी काखेत धरली, सवयीनं खाली वाकली आणि इराला उचलायला दोन्ही हात पुढं केले.

“अन् पोरीला,” आबा म्हणाले, “चालवत ने.”