वर कॉडराय, खाली साधं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव केरबा. अंगानं बैलासारखा, कामाला वाघ. केरबा, सरी सोड म्हणलं, की दोरी न लावता सरळ सरी सोडायचा. पण थांब म्हणायला विसरलात, तर शेजाऱ्याच्या रानातसुद्धा सरी सोडून यायचा. सांगितलं तेवढं करायचा, आन् शेवटापतोर करायचा. एवढाच काय तो त्याच्यात दोष.

त्याच्या शालनअक्काचं लगीन ठरलं. नवरा विलासदाजी. तालुक्याला गड्यांच्या कपड्यांचं दुकान, डोक्याला जेल, आन् राग कायम नाकावर.

लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो. मग नवऱ्यानं त्याला कापड द्यायचं असतं. कानपिळीच म्हणत्यात तिला. आईनं केरबाला बजावलं, "दाजींचा कान पिळ. कापड हातात पडल्याबिगर सोडू नको."

"बरं, आई."

केरबानं कान पिळला. दाजींनी पिशवीकडं हात केला. पिशवी न्हाई! पिशवी टेंपोत राहिली, आन् टेंपो गेलता आचाऱ्याची भांडी आणायला.

"सोड रं, पिशवी आली की देतो."

केरबानं सोडला न्हाई. होमाभवती फेरे चालले. पुढं दाजी, मागं अक्का, बाजूनं कान धरून केरबा. फोटोवाला म्हणला, हसा. दाजींना हसता येईना. पंगत बसली. केरबानं एका हातानं जिलबी खाल्ली, दुसऱ्या हातात कान. टेंपो आला, पिशवी आली, तवा कुठं सुटका झाली. त्या दिवसापासनं दाजींचा डावा कान जरा बाहेरच असतो.

पिशवीत निघाला कॉडरायचा सूट. कोट आन् पँट, गुळाच्या रंगाचा. केरबानं कापडावरनं बोट फिरवलं. उभ्या रेघा. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली.

"दाजी, ह्यात तर सऱ्या सोडल्यात की!"

दाजी कान चोळत म्हणला, "सऱ्या न्हाईत त्या. कॉडराय हाय. जपून वापरायचं. उलटं करून धुवायचं, उलटं करून वाळत घालायचं, उलटं करून इस्त्री करायची. वरची लव मोडली की कापड गेलं."

"बरं, दाजी."

बाजाराच्या दिवशी केरबा ती पँट घालून तालुक्याला गेला. उलटी. दोन्ही खिसे बाहेर, शेळीच्या कानासारखे लोंबत होते. शिवणीचे दोरे वाऱ्यावर उडत होते. त्यानं मिरच्या घेतल्या, खिशात टाकल्या, त्या सरळ भुईवर. परत टाकल्या, परत भुईवर. बाजार हसायला लागला. दाजी दुकानातनं धावत आला.

"अरं गाढवा, पँट उलटी का घातलीस?"

"तुमीच म्हणलासा की. सगळं उलटं करून."

"घालताना सुलटी! चांगली बाजू लोकांकडं, खराब बाजू आत. जलमभर ध्यानात ठेव!"

"बरं, दाजी."

आता असल्या गड्याला पोरगी कोण देणार? जिथं जाईल तिथनं नकार. शेवटी शेजारच्या गावच्या हिंदुरावतात्याची सुवर्णा सांगून आली. आई म्हणली, "केरबा, ह्या खेपेला जमलं न्हाई, तर मी माहेरी निघून जाईन." आईच्या माहेरात आता कुणी उरलं नव्हतं. तरी केरबा घाबरला.

बघायला जायच्या दिवशी दाजी सकाळीच आला. मेव्हण्याला सजवायचं त्यानं अंगावर घेतलं.

"नीट ऐक. कॉडराय घालायची आताची रीत येगळी हाय. एका टायमाला एकच घालायचं. खाली कॉडराय, तर वर साधं. वर कॉडराय, तर खाली साधं. दोन्ही घातलं की माणूस दिसत न्हाई. सोफा दिसतो."

"बरं, दाजी."

केरबा आत गेला आन् बाहेर आला. खाली कॉडराय. वर बनियन, बगलेत भोक.

"हे काय?"

"घरात ह्याच्यापेक्षा साधं काय न्हाई."

दाजींनी कपाळ बडवून घेतलं. अंगातला पांढरा शर्ट काढून केरबाला दिला आन् सोताच्या बनियनवर केरबाचा कोट चढवला. मग केरबाच्या शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर केल्या. पँटीचे पायही दोन घड्या वर केले.

"घोटा दिसला पायजे. फॅशन हाय. खिशात काय कोंबायचं न्हाई. आन् बसताना जपायचं. बसलं की गुडघ्याला फुगं येत्यात, रेघा मोडत्यात."

"मग बसू का नको?"

"जमंल तितकं उभा ऱ्हा!"

"बरं, दाजी."

यष्टी अर्धी रिकामी होती. केरबा दांडीला धरून उभा. कंडक्टर म्हणला, "बसा की." केरबा म्हणला, "मी बसलो असतो. पँटीला चालत न्हाई."

आता हा हिंदुरावतात्या म्हणजे मोठं प्रस्थ. आवाज चावडीपतोर जाणारा. सगळ्या गावाला अक्कल शिकवायचा, पण कुणी त्याला काय सांगितलं, तर ह्या कानानं आत, त्या कानानं बाहेर. बायको हौसाबाई सांगून सांगून थकली होती.

"बसा, पाव्हणं," तात्या म्हणला.

"उभा बरा हाय," केरबा म्हणला.

"अवो, बसा!"

"नगं."

तात्या दाजींच्या कानाशी लागला. "मूळव्याध हाय का वो?"

"छ्या! शिस्त हाय ती," दाजी म्हणला.

आता गंमत अशी झाली, की त्याच सकाळी केरबाच्या डाव्या गालावर गळू आलं होतं. लिंबाएवढं. केरबाला दाजींचं बोलणं याद होतं. चांगली बाजू लोकांकडं, खराब बाजू आत. तो उजवा गाल तात्याकडं करून, भिंतीकडं बघत उभा राहिला.

"मान आखडलीय का?" म्हणत तात्या उठला आन् त्याच्या समोर गेला. केरबा वळला. तात्या परत समोर गेला. केरबा परत वळला. तात्याला रागच आला. तो जोरानं फिरायला लागला, केरबाही जोरानं फिरायला लागला. सुवर्णा चहा घेऊन बाहेर आली, तर बाप आन् नवरामुलगा सोप्यात गोल गोल फिरतायत.

"केरबा, सरळ बघ की!" दाजी ओरडला.

"खराब बाजू आत म्हणलासा की!" आन् केरबानं वळून गळू दाखवलं. वळताना कोपर ट्रेला लागलं. कपातला सगळा चहा मांडीवर.

केरबा खाली वाकून बघत होता. चहा रेघेरेघेनं सरळ खाली गेला आन् पँटीच्या घडीत जाऊन साठला.

"बघा दाजी," केरबा म्हणला, "एक थेंब आडवा गेला न्हाई. सऱ्या सोडणाऱ्याचा हात चांगला हाय."

सुवर्णानं ओढणी तोंडाला लावली. खांदे हलत होते. मग ती गंभीर झाली.

"तुमास्नी कुणी काय सांगितलं, की तुमी ऐकता?"

"ऐकतो की."

"शेवटापतोर?"

"मग अर्धं कसं ऐकत्यात?"

सुवर्णानं आईकडं बघितलं. हौसाबाईनं तात्याकडं बघितलं आन् सुस्कारा सोडला.

"मला पसंत हाय," सुवर्णा म्हणली.

"अगं, खुळं हाय ते!" तात्या गरजला.

"तात्या, ह्या घरात शहाणी लई झाली. ऐकणारं एक बी न्हाई."

तात्या काय ऐकतोय! पण मायलेकींनी चूल बंद ठेवली. जेवायची वेळ टळली तसा तात्या कबूल झाला. मात्र अट घातली. "मांडवात एक जरी खुळेपणा केला, तर पोरगी उठवून माघारी नेणार. अक्षता पडल्या असल्या तरी नेणार!"

लगीन माघातलं. सकाळी कडाक्याची थंडी. दाजींनी कोट आन् पँट दोन्ही पुढं केली.

"आज पुरा सूट घाल."

"दोन्ही? एका टायमाला एकच म्हणलासा की."

"लग्नात चालतं! कोट आन् पँट एकाच रंगाची असली की झालं. आत हा पातळ काळा बंद गळ्याचा स्वेटर घाल. नवरदेव कसा दिसतो बघच."

"सोफा दिसणार न्हाई ना?"

"घाल म्हणलं ना!"

"बरं, दाजी."

घातला. दिसत होता झकास, खोटं कशाला बोलू. पण केरबाच्या डोक्यात किडा वळवळत होता. वर कॉडराय, खाली बी कॉडराय. दोन्ही एकदम. तेवढ्यात सुवर्णाच्या मामीला तांदूळ घ्यायला हात मोकळे पाहिजे होते. तिनं कडेवरचं लेकरू केरबाच्या मांडीवर बसवलं आन् गेली. केरबाची खात्री पटली. सोफाच.

अक्षता पडल्या. दाजी केरबाच्या मागं येऊन बसला.

"आता सुवर्णाचा भाऊ कान पिळंल. धनाजी. तालमीतला गडी हाय." दाजींचा हात आपोआप सोताच्या डाव्या कानाकडं गेला. "मेव्हण्याचा मान मोठा असतो. त्याला ताटकळत ठेवायचं न्हाई. मागितलं की द्यायचं. अंगावरचं काढून द्यावं लागलं तरी द्यायचं!"

"बरं, दाजी."

दाजी ह्या वेळी पिशवी विसरला नव्हता. पिशवी अक्काच्या ताब्यात होती. हरवू नये म्हणून अक्का तिच्यावरच बसली होती.

धनाजीनं कान पिळला. तालमीतलीच बोटं ती. केरबाच्या डोळ्याम्होरं काजवे.

"कापड द्या, दाजी!" तो केरबाला म्हणला.

अक्का उठायला लागली. भरजरी लुगडं, पायाला मुंग्या आलेल्या, वर पदरावर कुणीतरी बसलेलं. तिला उठता येईना. इकडं केरबा उभा राहिला. पिशवीची वाट बघितली की काय होतं, ते त्यानं आधी एकदा बघितलं होतं. त्यानं पट्टा सोडला. पँट काढली. ती उलटी केली, नीट घडी घातली आन् धनाजीच्या हातात दिली.

"उलटीच धुवा," असंही सांगितलं.

भटजीचं स्वाहा घशातच अडकलं. वाजंत्री थांबली. वरचा कोट एक नंबर. खाली पांढरी नाड्याची चड्डी.

"केरबाऽऽ!" दाजी किंचाळला.

केरबाच्या तोंडावर मात्र सकाळपासनं पहिल्यांदा समाधान आलं. "तुमीच म्हणलासा की, दाजी. वर कॉडराय, तर खाली साधं."

तात्या ताडकन उठला. धनाजीच्या हातातली पँट हिसकावून त्यानं बगलेत मारली. "ही पँट पंचांपुढं ठेवतो! सगळ्या गावाला दाखवतो! सुवर्णे, ऊठ. चल माघारी."

केरबाच्या आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुवर्णा उठली न्हाई. खाली मान घालून ती हळूच म्हणली, "अवो, आदी ती पँट माघारी घ्या."

बायकोनं सांगितलेलं पहिलं काम.

"बरं," केरबा म्हणला.

आता कुणाकडनं कापड घ्यायचं, तर ते कसं घ्यायचं, हे केरबाला पक्कं ठाऊक होतं. तो चड्डीवर चालत तात्याकडं गेला, आन् त्यानं सासऱ्याचा कान पिळला.

"कापड द्या, मामा."

सगळा मांडव उभा राहिला. तात्याच्या कानाला त्याच्या आईनंतर कुणी हात लावला नव्हता.

"सोड! सोड म्हणतो ना!"

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं हौसाबाई उठली.

"सोडू नका, जावईबापू!" ती ओरडली. "लग्न झाल्यापासनं त्या कानात माझं एक अक्षर गेलं न्हाई. धरलाच हाय, तर इचारा. पोरगी नांदायला धाडता का न्हाई?"

"पोरगी नांदायला धाडता का न्हाई, मामा?" केरबानं इचारलं आन् अर्धा पीळ वाढवला.

"धाडतो! धाडतो!"

"आन् कापड?"

"घे, बाबा!"

पँट मिळाली. बायका हसून हसून खाली बसल्या. भटजीनं घाईघाईनं स्वाहा उरकलं. वाजंत्री परत सुरू झाली. कापड हातात पडलं होतं, म्हणजे आईच्या हिशेबानं कान सोडायला हरकत नव्हती. पण सासूबाई सोडू नका म्हणल्या होत्या, आन् सोडा म्हणायला विसरल्या होत्या. विसरल्या का मुद्दाम गप राहिल्या, देव जाणे. हौसाबाई जिलबी वाढत पंगतीतनं दोनदा गेली आन् दोन्ही खेपेला दुसरीकडंच बघत होती.

तात्या एका बाजूला मान करून जेवला. शेजारी केरबा. एका हातानं जिलबी, दुसऱ्या हातात सासऱ्याचा कान. वर कॉडराय, खाली साधं, आन् पँट खांद्यावर.

कारण माघारी घ्या, एवढंच सुवर्णा म्हणली होती. घाला असं कुणी म्हणलंच नव्हतं.